नापास फोटोतला चेहरा

"काका, ह्यो न्हाई. खरा फोटो दावा."

सुकेशनीनं संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवत असं म्हटलं आणि बन्सीधरला आधी रागच आला. चौतीस वर्षं पाथरीच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला कुणी तोंडावर सांगावं की तुझा फोटो खोटा आहे, म्हणजे हलवायाला तुझा पेढा कडू म्हणण्यातलाच प्रकार. आणि तेही कुणी, तर सिद्धोधन मास्तरांच्या पोरीनं! जिचे बारशापासून कॉलेजच्या निरोप समारंभापर्यंत झाडून सगळे फोटो त्यानंच काढलेले.

"खरा म्हंजे? मग ह्यो काय दुसऱ्या कुणाचा हाय?"

"तसं न्हाई वो काका. तुमी हात न लावलेला पायजे. कॅमेऱ्यातून निघाला तसा."

"आन् कशाला पायजे?"

दुकानात दुसरं कुणी नाही ना, हे सुकेशनीनं मागं वळून पाहिलं आणि तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडला.

बन्सीधरचा राग कुठल्या कुठं गेला. पोरीचे गाल आत गेले होते. डोळ्यांखाली दोन खळगे पडले होते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंची कातडी सैल होऊन खाली उतरली होती. सत्तावीस वर्षांची पोर, पण महिनाभर तापानं अंथरूण धरलेल्या चाळिशीच्या बाईसारखी दिसत होती. माणसाच्या चेहऱ्यावर पोट भरणाऱ्या त्या माणसाला तिच्याकडं नीट बघवेना.

"अरे देवा. लय आजारी होतीस का गं?"

"आजारी न्हाई काका. इलाज केलता. त्याचंच हे."

मग स्टुलावर बसून तिनं सगळं सांगितलं, अगदी सरळ, तहसीलच्या आवारातल्या तिच्या आधार केंद्रावर लोकांना कागदपत्रांची यादी सांगावी तसं. दोन वर्षांपूर्वी स्थळं बघायला सुरुवात झाली. बायोडाट्याला लावायला बन्सीधरनंच फोटो काढला. फोटो बघून होकार यायचे, पण मंडळी घरी आली की चक्रं फिरायची. पहिल्याच वेळी मुलाच्या आत्यानं चहा घेतला, मोबाइलमधला फोटो बघितला, पोरीकडं बघितलं आणि तिच्या आईच्या, सरजाबाईंच्या, कानाशी लागून विचारलं, "फोटोतली थोरली का वो?"

सरजाबाईंना एकच पोरगी होती.

तीन ठिकाणी असंच झालं. कुणी थोरली म्हणालं, कुणी फोटो जुना का म्हणालं, एक जण तर काही न बोलता नुसतं हसून गेलं. तेव्हा सुकेशनीच्या डोक्यानं घेतलं. ती एका मोठ्या शहरातल्या पार्लरात गेली, बन्सीधरनं काढलेला फोटो त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, मला अशी करा. त्यांनी सुईनं गालात औषध भरलं. त्याला फिलर म्हणतात. आधी गाल फोटोतल्यासारखे झाले. मग कमी वाटले म्हणून पुन्हा भरले, अन् पुन्हा. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! गाल फुगले, एका बाजूला गाठी आल्या, हसली की डोळे झाकायला लागले. शेवटी परभणीच्या डॉक्टर प्रियंकांकडं गेली. त्यांनी दोन वेळा इंजेक्शन देऊन ते सगळं विरघळवलं.

"विरघळलं मग. बरं झालं की," बन्सीधर म्हणाला.

"विरघळलं, पर कातडी ताणली गेलती ना काका. आतलं गेलं आन् कातडी तशीच लोंबायली. महिना झाला वाट बघायलेय. मॅडम म्हणतेत, थोडंसं परत भरू, जपून. पर किती भरायचं ते ठरवायला माझा पयलाचा चेहरा पायजे. त्यांनी मला पयलं बघितलेलंच न्हाई. म्हणल्या, समोरून, अर्ध्या वळणातून आन् बाजूनं, असे जुने फोटो आणा. काय केलेले नकोत."

"मोबाइलात असतील की शंभर."

"हायेत. समदे गोरे करून. फोन घेतल्या दिवसापासून त्यात ते चालूच होतं, मला आत्ता कळलं. आधारवरच्या फोटोत मी अकरा वर्षांची हाय. दिवसाला साठ माणसांचे फोटो काढते मी काका, माझाच एक न्हाई."

बन्सीधर संगणकाकडं वळला. शाळेतला फोटो उघडला. तो नीट केलेला. कॉलेजचा उघडला, तो नीट केलेला. निरोप समारंभ, मावसबहिणीचा साखरपुडा, मास्तरांच्या निवृत्तीचा कौटुंबिक फोटो, सगळे नीट केलेले. आणि जागा वाचावी म्हणून मूळ फोटोवरच नवा जतन करायची त्याला सवय. म्हणजे मूळ कुठंच नाही. शेवटी बायोडाट्याचा फोटो परत पडद्यावर आला. गाल कसे भरलेले, तुकतुकीत. त्या दिवशी आपणच माऊस फिरवून गालाच्या हाडाखालची सावली पुसली होती, हे त्याला लख्ख आठवलं. पाच मिनिटांचं काम. तेव्हा तो शीळ घालत होता.

"सुकेशनी," पडद्याकडं बघतच तो म्हणाला, "ते गाल मी भरलते गं."

"मला ठाव हाय. आई म्हणली ना तुमाला, जरा गालफडं भरून द्या बन्सीभाऊ म्हणून."

"आई म्हणली तरी हात माझाच होता."

सुकेशनीनं स्कार्फ पुन्हा गुंडाळला. "फोटोतल्या गालांनी काय मला सुई टोचली न्हाई काका. पार्लरात मी माझ्या पायानं गेलते. तुमी फकत बघा कुठं सापडतो का. उद्या येते."

ती गेली. बन्सीधरला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि भर दुपारी शोधायला बसला. धंद्याला लागला तेव्हा त्याचा उस्ताद त्याला सांगायचा की गिऱ्हाइकाला त्याचं तोंड नको असतं, बरं तोंड हवं असतं. तेव्हा संगणक कुठला! निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायच्या. बन्सीधरचा हात त्यात असा बसला की सेलू, मानवतहून लोक यायचे. त्यानं तालुक्यातल्या लोकांच्या तोंडावरचे देवीचे वण पुसले, तुटके दात बसवले, म्हाताऱ्यांना मरायच्या आधी दहा वर्षं परत दिली. एका उमेदवाराची नाकावरची चामखीळ त्यानं अशी सफाईनं काढली होती की माणूस प्रचाराला दारात उभा राहिला तर लोक त्याच्यामागं उमेदवाराला शोधायचे. या गोष्टी तो आजवर चहा पिताना हसत सांगायचा. आज एकामागून एक चेहरे उघडताना त्याला हसू येईना. अख्खी पाथरी त्याच्या संगणकात होती आणि त्यातलं एकही माणूस रस्त्यावर भेटत नव्हतं.

चार वाजले तरी जेवायला आला नाही म्हणून त्याची बायको धुरपताबाई डबा घेऊन दुकानात आली. शटरखालून वाकून आत शिरत म्हणाली, "काय वो, दुकानाला सुतक हाय का काय?"

त्यानं सगळं सांगितलं. धुरपताबाईनं डबा उघडला, भाकरी पुढं सारली आणि म्हणाली, "ती पोरगी आपल्या गल्लीतल्या कोकिळाच्या लग्नात वाढायला होती की. मी बघितलं ना. बुंदीची बादली घेऊन फिरायलती. तुमच्या पत्रावळीत दोनदा वाढली, तुमाला साखरेचा तरास असून."

"कोकिळाचं लगीन म्या काढलं, पर त्यात हिचा कशाला फोटो? नवरा-नवरीचा अल्बम तो."

"मग तुमी नवरा-नवरी सोडून दुसरीकडं कॅमेरा फिरवलाच न्हाई का दिवसभर?"

बन्सीधरचा घास हातातच राहिला. फिरवला होता की! लग्नाच्या दर कामात शे-दीडशे फोटो वाया जातात. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाच्या तोंडात घास, कुणी मधूनच आडवं गेलेलं. ते अल्बमला लागत नाहीत, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. पुसून टाकायचाही त्याला आळस, म्हणून एका कोपऱ्यात ढकलून देतो. त्या कप्प्याला त्यानं नावच 'नापास' दिलं होतं.

पाच वर्षांपूर्वीचे कोकिळाच्या लग्नातले नापास फोटो त्यानं उघडले. नवऱ्या मुलाचा चुलता आश्रुबा पंगतीत बसला होता, आणि चुलत्याचा जेवतानाचा एक फोटो पाहिजेच असा मुलाकडच्यांचा हट्ट होता. पण आश्रुबा काही कॅमेऱ्याकडं बघेना. एका फोटोत त्याचं तोंड पत्रावळीत, दुसऱ्यात कढीचा द्रोण तोंडाला, तिसऱ्यात मान मागं वळवून काहीतरी मागत होता. तीनही नापास. आणि तिन्ही फोटोंत आश्रुबाच्या मागं, पांढऱ्या साडीचा पदर खोचून, हातात बुंदीची बादली घेतलेली सुकेशनी उभी होती. एकात सरळ समोर बघत होती. दुसऱ्यात अर्धी वळून, रांग मोडून बसलेल्या कुणाला तरी झापत होती. तिसऱ्यात पार बाजूला तोंड करून हसत होती.

"आगं, हिकडं ये, बघ तर," बन्सीधर म्हणाला.

त्यानं चेहरा मोठा केला. मंडपाच्या एका बाजूनं दुपारचा उजेड येत होता आणि पोरीच्या चेहऱ्यावरचं काही लपलं नव्हतं. गाल भरलेले नव्हते. हाडाखाली हलकीशी उतरण होती, तिथं सावली होती. डावा गाल उजव्यापेक्षा नखभर खाली होता, आणि ती हसली की तोच आधी वर चढायचा. वीस-पंचवीस वेळा तरी त्यानं हा चेहरा दुरुस्त केला होता, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. केवढं देखणं माणूस आपल्या समोर येऊन बसत होतं आणि आपण पेन्सिल शोधत होतो!

"नक्षत्रावाणी पोरगी," धुरपताबाई म्हणाली. "आन् त्या बयेनं थोरली का म्हणून इचारलं."

माऊसवरचा त्याचा हात सवयीनं गालाखालच्या सावलीकडं निघाला होता. त्यानं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला आणि तिन्ही फोटो जसेच्या तसे मोठ्या कागदावर छापले.

दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं ते फोटो मोबाइलवर पाठवल्याबरोबर डॉक्टर प्रियंकांचा निरोप आला. ज्यांनी हे काढले त्यांनाच घेऊन या, म्हणजे उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच बाजूंनी काढता येतील. म्हणून पुढच्या मंगळवारी सुकेशनी, सरजाबाई आणि गळ्यात कॅमेऱ्याची बॅग अडकवलेला बन्सीधर असे तिघं एसटीनं परभणीला गेले. मानवत मागं पडलं. तेव्हा सरजाबाई एकदम म्हणाल्या, "बन्सीभाऊ, मीच म्हणलते तुमाला गाल भरा म्हणून. माझीच जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

"मी बी नको म्हणू शकलो असतो, वैनी," बन्सीधर म्हणाला. सुकेशनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता दोघं मिळून रडू नका. कंडक्टर बघायलाय."

डॉक्टर प्रियंका पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी तिन्ही फोटो भिंतीवर ओळीनं चिकटवले आणि बराच वेळ बघत राहिल्या. "यांना काही केलेलं नाही ना?"

"न्हाई मॅडम. हे नापास फोटो हायेत."

"नापास कुणी केले?"

"म्याच," बन्सीधर म्हणाला. डॉक्टर हसल्या नाहीत, आणि त्यामुळं त्या त्याला आवडल्या.

आधीचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी सुकेशनीला सरळ बसवलं. मोठा दिवा डोक्यावर आणला, कारण वरून उजेड पडला की कुठं काय कमी आहे ते सावलीच सांगते. हे ऐकून बन्सीधर चपापला. ही तर त्याच्या धंद्यातली गोष्ट होती! पण त्यानं जन्मभर सावली दिसली की पुसली, आणि ही बाई सावलीला विचारून काम करणार होती. डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलनं गालावर खुणा केल्या आणि सांगितलं, "सुकेशनी, सगळं परत येणार नाही. कातडी ताणली होती, एखाद-दुसरी रेघ राहील. आणि हेही वर्ष-दीड वर्षात हळूहळू विरेल. तेव्हा परत बघू. चालेल?"

"चालंल मॅडम. मला फकत मी दिसू द्या."

सरजाबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसल्या. बन्सीधर भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांच्या हातातली नळी बोटाएवढी होती आणि तिच्यात चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाण्यासारखं नितळ, दाट औषध. एवढ्यानं काय होणार, असं त्याला वाटलं. डॉक्टरांनी बोथट टोकाची बारीक सुई उजव्या गालाच्या हाडापर्यंत नेली, एक थेंब सोडला आणि थांबल्या. मागं सरून भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. परत एक थेंब. परत मागं सरल्या. भरण्यापेक्षा त्या थांबतच जास्त होत्या.

आणि बन्सीधरच्या डोळ्यांदेखत तो गाल उठला. फुगला नाही, उठला. खाली लोंबणारी कातडी हाडाचा आधार मिळाल्यासारखी वर सरकली, डोळ्याखालचा खळगा उथळ झाला आणि नाकाशेजारची रेघ फिकी पडली. तीन थेंब! त्या तीन थेंबांवर पाच वर्षांपूर्वी बुंदी वाढणारी पोर उजव्या बाजूनं परत यायला लागली होती. बन्सीधरनं आयुष्यात हजारो चेहरे सुधारले होते, पण ते कागदावर. जिवंत माणसाच्या हाडावर असं काही होताना बघून त्याचे हात आपोआप छातीशी जोडले गेले. कमाल आहे, कमाल आहे, एवढंच तो पुटपुटत राहिला. माणसाचं माणूसपण केवढ्याशावर तोललेलं असतं, असं त्याला वाटलं.

डावा गालही तसाच वर आला. मग डॉक्टरांनी दोन्ही बाजू बघितल्या. "डावी बाजू जरा खाली वाटतेय. अजून थोडं औषध शिल्लक आहे. करू का सारखं?"

"करा की मॅडम," सरजाबाई चटकन उठून म्हणाल्या. "उरलंय तर वाया कशाला? दोन्ही सारखे करा."

डॉक्टरांनी नळी उचलली. डॉक्टरांच्या कामात फोटोवाल्यानं कशाला तोंड घालावं? पण सुई गालाकडं निघालेली त्यानं बघितली आणि त्याच्यानं राहवलं नाही.

"मॅडम, थांबा जरा. ते कमी न्हाई. ते असंच हाय."

डॉक्टर थांबल्या. तो भिंतीपाशी गेला आणि एकेका फोटोवर बोट ठेवत म्हणाला, "हे बगा. समोरून बी डावा खालीच हाय. वळली तरी हाय. आन् हितं हसायलीय ना, तर डावाच आधी वर गेलाय. जन्माचाच हाय तो. म्या दरसाली तो उजव्याएवढा करत आलो, म्हणून मला पक्कं ठाव हाय."

सरजाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्या फोटोपाशी आल्या, चष्मा वर करून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "मास्तरांचा बी असाच हाय की. डावा."

"तुम्ही सांगा, सुकेशनी," डॉक्टर म्हणाल्या. "चेहरा तुमचा आहे."

सुकेशनीनं हातात आरसा घेतला होता. ती त्यात बघत राहिली. आधी ओठ घट्ट मिटून, मग जरा सैल सोडून. बाहेर कंपाउंडर पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होता. तिनं डाव्या गालावर दोन बोटं ठेवली, दाबली नाहीत, नुसती ठेवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "हे माझं हाय."

डॉक्टरांनी सुईवर टोपण लावलं आणि उरलेलं औषध तबकात ठेवून दिलं. पोरीच्या गालावर सुईचे दोन लाल ठिपके होते, तोंडाशेजारी एक रेघ तशीच राहिली होती, आणि पाच वर्षांपूर्वीची ती बावीस वर्षांची बुंदीवाली काही पूर्ण परत आली नव्हती. ती येणारही नव्हती. पण जी समोर बसली होती, ती तीच पोर होती, पाच वर्षांनी मोठी झालेली, यात कुणाला शंका वाटली नसती.

"चला काका, आता नंतरचे फोटो घ्या. बाहेर पेशंट खोळंबलेत," डॉक्टर म्हणाल्या.

सुकेशनीनं डोळे पुसले आणि सरळ बसली. बन्सीधरनं कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगातून तो चेहरा त्याच्या अगदी जवळ आला. सावलीसकट, रेघेसकट, नखभर खाली असलेल्या गालासकट. बटणावर बोट होतं, पण ते खाली जाईना. एक मिनिट गेलं असेल.

"काढा की काका," सुकेशनी म्हणाली, आणि तिला हसू आलं. डावा गाल आधी वर गेला.

"काढतो. जरा थांब पोरी," कॅमेरा हळूहळू खाली घेत बन्सीधर म्हणाला, "आधी बघू दे."